थोरलीचं अर्धं वाक्य

आमच्या पार्लरमध्ये तीन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची पहिली थोरलीची, मधली धाकटीची आणि बेसिनला चिकटलेली, जिच्यावर पंख्याचा वारा कधीच पोचत नाही, ती माझी. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरातून निघायच्या, एकाच बसने यायच्या आणि आत शिरल्या की दिवसभर एकमेकींशी कात्री, क्लिप आणि टॉवेल यांच्यापलीकडे बोलायच्या नाहीत. म्हणजे थोरली बोलायची नाही. धाकटी बोलून बोलून थकायची आणि मग माझ्याशी बोलायची.

मी भुवया करते. दोरा दातात धरून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उभी राहते, त्यामुळे मला माणसाचं तोंड उलटं दिसतं, कपाळ खाली आणि हनुवटी वर. इतकी वर्षं तोंडं उलटी बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की उलट्या तोंडावर खोटं हसू टिकत नाही. थोरलीच्या भुवया मीच करायचे. तेव्हा तिच्या पोटात काय दुखतंय हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं.

दुखत होती धाकटीच. दुसरं काही नाही.

थोरली या पार्लरमध्ये आली तेव्हा तिला कात्री धरता येत नव्हती. जमिनीवर पडलेले केस झाडायचे, टॉवेल धुवायचे आणि मॅडमच्या हातात हवी ती क्लिप मागायच्या आत ठेवायची, एवढंच तिचं काम. मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. झाडता झाडता थोरली मॅडमच्या बोटांकडे बघत राहायची. घरी जुन्या चादरीच्या दशा कापून हात बसवला. पहिले केस कापले ते स्वतःच्या नवऱ्याचे, आणि तो बिचारा पुढचे कितीतरी दिवस टोपी घालून मालाची गाडी चालवत होता. पण जिद्द अशी की शेवटी मॅडमनेच स्वतःची खिडकीजवळची खुर्ची तिला दिली. तिच्यासारखी सरळ रेषा आमच्यात कोणाची येत नाही, हे मी आजही म्हणते.

मग दीर लग्नाचा झाला आणि घरात धाकटी आली. कमरेएवढे केस, गालाला खळी आणि जिभेला हाड नाही. सासूबाईंना थोरलीने वर्षानुवर्षं औषधं दिली, पाय चेपले, आणि त्या हाक मारू लागल्या धाकटीला. का, तर ती हसवते. थोरलीचा नवरा घरात दोन शब्द बोलायचा, तर धाकटीचा नवरा वायरी जोडण्याचं काम करून आला की दारापासून गाणं म्हणत शिरायचा. एका भिंतीच्या आड दोन खोल्या. इकडे पंख्याचा आवाज आणि तिकडे खिदळणं. थोरली मला सांगायची, मी दोरा फिरवत ऐकायचे. ‘मला काही वाटत नाही गं,’ असं ती म्हणायची आणि तिची उलटी हनुवटी थरथरायची.

त्यातून गंमत अशी की धाकटीला पार्लरमध्ये आणलं थोरलीनेच. सासूबाईंनी गळ घातली, नाही म्हणता येईना. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कात्री कशी धरायची हेही तिनेच शिकवलं आणि शिकवलं ते नीट शिकवलं, कारण वाईट शिकवणं तिला जमतच नाही. धाकटीचा हात थोरलीइतका सफाईदार कधी झाला नाही. पण गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की उठेनात. बायका आपली सगळी सुखदुःखं धाकटीपुढे ओतायच्या आणि डावीकडचे केस किंचित लांब राहिले तरी खुशीत घरी जायच्या. ते किंचित थोरलीला लांबून दिसायचं. गिऱ्हाईक गेल्यावर ती आरशाकडे बघून म्हणायची, ‘डावीकडे राहिलंय.’ धाकटी म्हणायची, ‘हो का ताई? दाखवा ना.’ आता ज्या बाईला भांडताच येत नाही, तिच्यावर जळायचं तरी कसं? थोरलीचा जळफळाट नुसता आतल्या आत धुमसत राहायचा.

आणि अशात मॅडमनी दुसरं पार्लर काढायचं ठरवलं. पुढच्या चौकात काचेच्या इमारती झाल्या होत्या, तिथल्या कंपन्यांत बाहेरदेशच्या बायका कामाला होत्या. त्यांच्यासाठी तळमजल्यावर नवी जागा घेतली. तिथे मुख्य म्हणून आमच्यातलीच एक जाणार, तिच्याकडे दुकानाची किल्ली राहणार, असं मॅडमनी जाहीर केलं. थोरलीचे डोळे लकाकले. इतकी वर्षं रोज सकाळी ती मॅडमची वाट बघत पायरीवर उभी राहायची. आपण उघडायचं आणि दुसऱ्यांनी पायरीवर थांबायचं, एवढीच तिची इच्छा होती. पगाराचं तिने विचारलंसुद्धा नाही. मी माझं नाव आधीच काढून घेतलं, कारण माझं इंग्रजी ‘क्लोज युअर आइज’ आणि ‘फिनिश’ यांच्यापुढे जात नाही.

अडचण तीच होती, इंग्रजी. मॅडम म्हणाल्या की केस कापणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं काम म्हणजे सल्ला देणं. तुम्हाला हे शोभेल, ते शोभणार नाही, तेल लावा, रंग लावू नका. हा सल्ला इंग्रजीत गोड शब्दांत देता आला पाहिजे. म्हणून त्यांनी एक सर बोलावले. पार्लरला सुटी असेल त्या दिवशी सकाळी सर यायचे. सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणजे आमच्या धंद्याच्या दृष्टीने माणूस अगदीच वाया गेलेला. पण शिकवायचे मनापासून. फळा नव्हता म्हणून ते आरशांवरच मार्करने वाक्यं लिहायचे. आपलं तोंड आणि त्यावरून गेलेलं इंग्रजी, असं बघत आम्ही शिकलो.

पहिल्या दिवशी ‘यू शुड’. दुसऱ्या वेळी ‘व्हाय डोन्ट यू’. थोरलीने जीव लावून पाठ केलं. केस विंचरताना ओठ हलायचे, बसमध्ये ओठ हलायचे, आणि धाकटी सांगायची की भांडी घासतानासुद्धा पुटपुटतात. धाकटीचं मात्र सगळं वाऱ्यावर. ती कुठलाही शब्द कुठेही लावायची आणि हाताने उरलेलं सांगायची. सर तिची चूक काढायचे आणि काढता काढता हसायचे. थोरलीचं वाक्य बरोबर यायचं आणि सर नुसतं ‘गुड’ म्हणायचे. त्या ‘गुड’मध्ये हसू नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

मग आलं ‘यू हॅड बेटर’. सरांनी मराठीत अर्थ सांगितला, ‘असं केलंत तर बरं होईल’, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, म्हणून पुढचं राहिलं. थोरलीला हे फार आवडलं. ‘शुड’ म्हणजे हुकूम, पण ‘बरं होईल’ किती अदबीचं, असं तिने मला समजावलं. बेटर म्हणजे बरं, त्यात वाईट काय असणार?

त्याच आठवड्यात काचेच्या इमारतीतली एक उंच बाई आली. मॅडम मुद्दाम समोर बसून बघत होत्या. थोरलीने तिला पहिल्या खुर्चीकडे हात दाखवला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, ‘यू हॅड बेटर सिट.’ बाईने भुवया उंचावल्या, बसली. थोरलीने केसांची टोकं बघितली, फाटली होती. ‘यू हॅड बेटर कट.’ बाई आरशातून तिच्याकडे बघायला लागली. मग थोरलीने कात्री उचलली, बाईच्या मानेजवळ नेली आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, ‘यू हॅड बेटर नॉट मूव्ह.’

त्या बाईने खुर्चीचे दोन्ही हात असे धरले की बोटं पांढरी झाली. थोरलीला कळेना काय बिघडलं. तेवढ्यात मधल्या खुर्चीकडून धाकटी पुढे आली, हातात पाण्याचा ग्लास. ‘शी नाइस,’ ती म्हणाली. ‘व्हेरी नाइस. फेस अँग्री, हँड नाइस. व्हाय डोन्ट यू वॉटर?’ बाई आधी गोंधळली, मग खो खो हसली. थोरलीने केस कापले, अप्रतिम कापले. बाईने जाताना धाकटीचे आभार मानले आणि पुढच्या वेळी येऊन बसली ती मधल्या खुर्चीत.

त्या दिवशी थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ‘फेस अँग्री’ हे तर तिला बरोब्बर कळलं होतं. तिने मला बेसिनपाशी गाठलं. म्हणाली, मी रात्रंदिवस पाठ करायचं, आणि हिने मोडकंतोडकं बोलून सगळं उचलून न्यायचं. माझी सासू नेली, माझी गिऱ्हाइकं नेली, आता माझी किल्ली नेणार. मी म्हटलं, अगं, ती तुझ्या मदतीला आली होती. ‘तेच तर,’ थोरली म्हणाली. ‘मला तिची मदत लागली हेच मला सहन होत नाही.’ एवढं खरं बोलणारी मत्सरी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आणि खरं सांगायचं तर, जळायचंच तर तिथे मीही होते. माझ्याकडे जळावं असं काही नाही म्हणून कोणी माझ्यावर जळत नाही, याचंही कधीकधी वाईट वाटतं.

पुढच्या वर्गात थोरलीने सरांना धारेवर धरलं. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हॅड बेटरच्या पोटात ‘नाहीतर बघ’ असतं, धमकी असते, ते सांगायचं राहूनच गेलं. ‘मग त्याला बेटर कशाला म्हणतात?’ थोरली म्हणाली. सरांनी घाईघाईने आरसा पुसला आणि नवीन वाक्य लिहिलं, ‘इफ आय वेअर यू’. याचा अर्थ, मी तुमच्या जागी असतो तर. हे सगळ्यांत मवाळ, कोणाला लागत नाही, आता निर्धास्त वापरा. थोरलीने हात वर केला. आय आहे तर वॉज हवं, वेअर का? तिने नियम पाठ केला होता, तिला फसवणं सोपं नव्हतं.

सर खुश झाले. म्हणाले, ‘चांगला प्रश्न. वॉज म्हणजे खरंच होऊन गेलेलं. हे कधी होणारच नसतं. मी तुम्ही कधीच होणार नाही. म्हणून वेअर.’

थोरली आरशाकडे बघत बसली. सरांनी वाक्य लिहिलं होतं मधल्या खुर्चीच्या आरशावर, आणि त्या आरशात त्या वेळी धाकटी वेणी सोडून केस मोकळे करत होती.

शेवटच्या दिवशी परीक्षा. सर आणि मॅडम बाकावर बसले, मी मॅडमच्या शेजारी. रीत अशी की एकीने आपली अडचण सांगायची, दुसरीने शिकलेल्या शब्दांत सल्ला द्यायचा. सल्ला चोख देईल तिला किल्ली, मॅडमनी सरळच सांगितलं. आधी थोरलीने अडचण सांगितली, पाठ केलेली, बस वेळेवर येत नाही म्हणून. धाकटीने सल्ला दिला की व्हाय डोन्ट यू चालत, एक्सरसाइज, थिन. सगळे हसले. व्याकरणाच्या नावाने शून्य, हे तर मलाही कळलं. थोरलीचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. किल्ली तिच्या हातात आल्यातच जमा होती.

मग धाकटीची पाळी. हसू तसंच गालावर ठेवून ती उभी राहिली, पदार्थाचं मीठ चाखावं तसे शब्द एकेक चाखत बोलू लागली.

‘माय सिस्टर-इन-लॉ अँग्री विथ मी. एव्हरी डे अँग्री. शी टीच मी एव्हरीथिंग. आय लाइक हर. आय ट्राय, शी मोअर अँग्री. व्हॉट शुड आय डू?’

सरांनी मान डोलावली. मॅडम माझ्या कानाशी कुजबुजल्या, नणंद खाष्ट दिसते हिची. इंग्रजी भाषेची ही एक मोठी सोय आहे. नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी, सगळ्या एकाच पोत्यात. कोणाबद्दल बोललं हे तोंडावर बोलूनही कळत नाही. त्या खोलीत ते फक्त तिघींना कळलं. धाकटीला नणंद नाही. जी गोष्ट घरात मराठीत उच्चारली असती तर दोन चुली झाल्या असत्या, ती तिने भर पार्लरमध्ये सगळ्यांसमोर विचारली होती, आणि जिला विचारली तिनेच सल्ला द्यायचा होता.

‘गिव्ह हर ॲडव्हाइस,’ सर म्हणाले.

थोरलीकडे सगळी वाक्यं तयार होती. ‘यू शुड टॉक टू हर’ म्हणाली असती तरी किल्ली तिची. मी तिच्या ओठांकडे बघत होते. तिने ‘यू शुड’ म्हटलं आणि थांबली. ‘यू हॅड’ म्हटलं आणि तेही गिळलं. मग धाकटीच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

‘इफ आय वेअर यू.’

सर थांबले. ‘यस. आय वुड?’

सरांनी पुन्हा आठवण करून दिली की पुढे आय वुड हवं, नाहीतर वाक्य अर्धवट राहतं, मार्क देता येणार नाहीत. मॅडम पुढे झुकल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते की बाई, काहीतरी बोल, आय वुड स्माइल म्हण, आय वुड गो होम म्हण, किल्ली हातची जातेय.

‘नाही सर,’ थोरली मराठीत म्हणाली. ‘माझं एवढंच वाक्य आहे. पूर्ण आहे.’

सरांना वाटलं ती घाबरून विसरली. मॅडमनाही तसंच वाटलं. म्हणाल्या, एवढ्याशा प्रश्नाला गडबडली, तिथे रोज अशा बायका येणार, कसं निभावेल? दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. थोरलीने सगळ्यांच्या आधी अभिनंदन केलं, नीट, स्वच्छ आवाजात, आणि पहिल्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारायला लागली.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत टॉवेल घडी करत होते. थोरली कंगवे धूत होती. धाकटी आत आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ताई, किल्ली मी मॅडमना परत देते, त्यांना सगळं सांगते. थोरली वळलीच नाही. म्हणाली की उपकार नकोत, सासूबाईंसमोर हसतेस तेवढं पुरे आहे.

मग धाकटी म्हणाली, ‘तुमचं वाक्य मला कळलं होतं.’

‘कळलं तर बरं झालं.’

‘पुढचं सांगू? तुम्ही मी असतात ना ताई, तर रोज सकाळी खोलीतून बाहेर यायच्या आधी दारातून थोरल्या जावेचं तोंड बघितलं असतंत. आज कसं आहे म्हणून. आणि मग ठरवलं असतंत, आज हसायचं की नाही. मला इतकं हसायला येत नाही हो. मी घाबरते म्हणून हसते.’

नळ चालूच होता. थोरलीने हातातला कंगवा धुतला, पुन्हा धुतला. मी टॉवेल तोंडापुढे धरून उभी, श्वास घ्यायचीही चोरी. शेवटी थोरलीने नळ बंद केला, हात ॲप्रनला पुसले आणि खालीच बघत विचारलं,

‘इतकं वाईट दिसतं का गं माझं तोंड?’

धाकटीने मान हलवली. हो म्हणून. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती थोरलीसमोर न हसता उभी होती.